नाट्यशास्त्र शिकलेय, वस्तीतल्या जलसा गटाला नेमकी कशी मदत करू?

वर्तकनगरची
नाट्यशास्त्रात एम.ए. करून तीन वर्षं झाली. एका व्यावसायिक नाटकात छोटी भूमिका आहे, पण नाईटवर, म्हणजे दर प्रयोगाच्या मानधनावर, घर चालत नाही, म्हणून सकाळी डबिंग करते. आमच्याजवळच्या वस्तीत सात-आठ मुलामुलींचा गट आंबेडकरी जलसे, म्हणजे गाणी-नाट्यातून बाबासाहेबांचे विचार सांगणारे कार्यक्रम, करतो. १४ एप्रिलला चौकात त्यांना पाहिलं आणि आतून हलले. आता त्यांना सफाई कामगारांवर दोन अंकी नाटक करायचंय. म्हणाले, "ताई, तुम्ही बसवा."

पहिल्याच तालमीत एका मुलीला 'पानी' नव्हे 'पाणी' म्हणून तीनदा थांबवलं. चौथ्यांदा ती बोललीच नाही. तेव्हापासून मन लागत नाहीये. शिकले ते त्यांना द्यायचं की बाजूला ठेवायचं?

विंगेतला दादा
ठाण्यातच नाटककार रत्नाकर मतकरींनी २०१४ मध्ये 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. वस्तीतली मुलं आपलेच विषय घेऊन नाटिका करायची आणि जाणती मंडळी त्यांच्या पाठीशी उभी राहायची. त्या मंडळींपैकी कुणाला तरी भेटा.

दुसरं, संहिता पक्की झाली की रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे, लवकर पाठवा. प्रमाणपत्राशिवाय जाहीर प्रयोग करता येत नाही आणि हे कागद या मुलांना कुणी समजावत नाही. लेखक म्हणून ज्यानं लिहिलंय त्याचंच नाव घाला, तुम्ही कितीही दुरुस्त्या केल्यात तरी.

कळव्याची
ताई, त्या मुलीच्या जागी मी होते. जलशात गाऊन गाऊन घसा बसायचा, दोन दिवस शब्द फुटत नसे. एका नाटकाच्या ऑडिशनला "उच्चार शुद्ध करून या" म्हणून परत पाठवलं. त्यानंतर वर्षभर स्टेजकडे फिरकले नाही.

पुढे शिकायला गेले तेव्हा सरांनी 'ण'ला हातच लावला नाही. जमिनीवर उताणं झोपवून पोटावर पुस्तक ठेवलं आणि श्वास घ्यायला लावला. हळूहळू आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायला लागला, 'पानी'सकट. तुम्ही शिकलात ते हे आहे, आणि ते त्या मुलांना हवंच आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रातही प्रत्येक पात्राची भाषा वेगळी आहे. राजा संस्कृत बोलतो, दासी प्राकृत. ती उतरंड होती, मला मान्य नाही. पण दासीच्या तोंडी राजाची भाषा घालून तिचं पात्र सुधारलं, असं कुणी म्हटलं नाही. आणि 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आठवा. जालन्याकडची शेतकरी मुलं आपल्या बोलीत बोलली आणि मुंबई-पुण्यानं ते नाटक डोक्यावर घेतलं.

'ण' शिकवूच नका, असं मात्र नाही. मालिका आणि डबिंगचं काम त्यावर मिळतं. तो वेगळ्या दिवशी शिकवा, दुसरा वेश चढवतात तसा. तुमच्या डबिंगच्या स्टुडिओत तिला एकदा घेऊन जा. आणि तिकीट लावलंत तर नाईट सगळ्यांना सारखी, तुम्हालाही तेवढीच.

वर्तकनगरची
आज तिच्या घरी जाऊन माफी मागितली. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, माझी आई पानीच म्हणते. नाटकात मी आईच करतेय." मी संहिता दोनदा वाचली होती, तरी हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

शुक्रवारपासून श्वास घेतोय. पोटावर पुस्तक किती जाड ठेवायचं?

कळव्याची
शाळेची वही पुरते. वजनाचं काही नाही, वर-खाली होताना ती तिला दिसली पाहिजे.