नवऱ्याची बदली झाली, आता माझी नोकरी कशी शोधू?

बिऱ्हाड_पाठीवर:
माझे मिस्टर लष्करात आहेत. आठ वर्षांत ही चौथी बदली. मी गणिताची शिक्षिका. एमएस्सी, बीएड, सीटेट (केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षा) पेपर २ पास. प्रत्येक स्टेशनवर, म्हणजे बदलीच्या ठिकाणी, शिकवलं, पण दोन वर्षांच्या वर कुठेच नाही. परवा एका खासगी शाळेत मुलाखतीला गेले. बाईंनी माझा बायोडाटा वरपासून खालपर्यंत पाहिला आणि विचारलं, "इथे तरी टिकणार का?" मला उत्तरच सुचलं नाही. दहावीला त्रिकोणमिती कशी शिकवता, हे कोणी विचारलंसुद्धा नाही. घरी काळ्या ट्रंका अजून तशाच बांधलेल्या आहेत. माझी पुस्तकं आणि कागदपत्रं ११ नंबरच्या ट्रंकेत. ती उघडायचा धीरच होत नाहीये. काय करू?

निवृत्त_बाई:
अगं, आधी ती ट्रंक उघड. मीही फौजीचीच बायको, सात शाळांत शिकवलंय. प्रत्येक शाळेचं अनुभवपत्र आहे का बघ: लेटरहेडवर, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कोणता विषय, कोणते वर्ग, खाली सही-शिक्का. नुसतं नेमणूकपत्र पुरत नाही. स्टेशन सोडल्यावर हा कागद मिळवायला फार त्रास होतो. माझं एका शाळेतलं दीड वर्ष असंच वाया गेलं, त्याची हळहळ अजून वाटते.

आणि "टिकणार का" याला गप्प बसू नकोस. बदल्या नवऱ्याच्या नोकरीमुळे झाल्या हे बायोडाटात एका ओळीत लिहून टाक, नाहीतर समोरच्याला वाटतं बाई भांडून सोडते. मुलाखतीत सरळ सांग, "निदान हे शैक्षणिक वर्ष पूर्ण करेन." मात्र मिस्टरांशी बोलूनच शब्द दे. वर्ष अर्धवट सोडलं की हाल मुलांचे होतात.

आर्मी पब्लिक स्कूलची ऑनलाइन स्क्रीनिंग टेस्ट दिली आहेस का? स्कोअरकार्ड म्हणजे नोकरी नव्हे, पुढे मुलाखत आणि प्रत्यक्ष पाठ असतोच. पण त्या शाळा बहुतेक छावण्यांत आहेत, आणि वारंवार बदली होणं तिथे कुणाला नवीन नसतं.

खडू_फळा:
केंद्रीय विद्यालयाचंही बघा. कंत्राटी शिक्षकांच्या मुलाखती बहुधा नवं सत्र सुरू होण्याआधी होतात. जाहिरात त्या-त्या शाळेच्या वेबसाइटवर येते. तुम्ही एमएस्सी बीएड आहात, म्हणजे अकरावी-बारावीच्या जागेसाठीही अर्ज करता येईल. सीटेट जुनं झालं म्हणून घाबरू नका. २०२१ मध्ये टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा, सीटेट त्यातलीच) प्रमाणपत्राची सात वर्षांची मुदत काढून ते कायमचं ग्राह्य केलं, तेही २०११ पासूनच्या सगळ्यांना.

बिऱ्हाड_पाठीवर:
ट्रंक उघडली. तीन अनुभवपत्रं मिळाली, दुसऱ्या शाळेचं नाही. तिथल्या क्लार्कबाईंचा नंबर जुन्या डायरीत सापडला. आत्ताच बोलले, त्या म्हणाल्या, "मेल करा, मॅडमची सही घेऊन पाठवते." बाई, स्क्रीनिंग टेस्ट दिलेली नाही. आता फॉर्म कधी निघतो ते बघते.

निवृत्त_बाई:
मेलमध्ये विषय आणि वर्ग तूच लिहून दे, त्यांना शोधायला लावू नकोस.