मिशिगनचा 14 वा मतदारसंघ पुसला गेला: नुकसान कुणाचं?

(सातबारा, खानेसुमारी, लालपेन आणि काठावरचा या टोपणनावांच्या चौघांमधली चर्चा)

सातबारा

श्री ठाणेदार 2022 मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटमधून तिथल्या संसदेच्या प्रतिनिधीगृहावर निवडून आले तेव्हा आपल्याकडे त्यांचं बेळगाव-चिकोडी भरपूर छापून आलं. ते ज्या नकाशावर निवडून आले, त्याच नकाशाने मिशिगनचा 14 वा मतदारसंघ पुसला, हे मात्र कुठे फारसं आलं नाही.

1933 ते जानेवारी 2023 या 90 वर्षांत इथून नऊ जण प्रतिनिधीगृहात गेले. कार्ल वाइडमन (1933-35), लुई राबो (1935-47), हॅरल्ड यंगब्लड (1947-49), पुन्हा राबो (1949 ते 1961, पदावर असतानाच निधन), हॅरल्ड रायन (1962-65), ल्युशियन नेडझी (1965-81), डेनिस हर्टेल (1981-93), जॉन कॉन्यर्स (1993-2013), गॅरी पीटर्स (2013-15) आणि ब्रेंडा लॉरेन्स (2015-23). रिपब्लिकन एकटा यंगब्लड, तोही 1946 च्या लाटेतला. अमेरिकी निष्ठेच्या प्रतिज्ञेत देवाचा उल्लेख घालण्याचा जो ठराव 1954 मध्ये कायदा झाला, तो राबो यांनी मांडलेला.

माझं म्हणणं सरळ आहे. शेवटच्या दहा वर्षांत या मतदारसंघाचा आकार वेडावाकडा होता, कबूल. पण तिथे कृष्णवर्णीय मतदार बहुसंख्य होते. मतदारसंघ आखणाऱ्या नव्या नागरिक आयोगाने रेषा सुबक केल्या आणि ती बहुसंख्या घालवली. 1955 पासून डेट्रॉइटचा किमान एक कृष्णवर्णीय प्रतिनिधी वॉशिंग्टनमध्ये असायचाच. 2023 मध्ये ती साखळी तुटली.

खानेसुमारी

दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे. मिशिगनच्या 14 जागांच्या 13 झाल्या; ती एक जागा आयोगाने घालवली नाही, 2020 च्या जनगणनेने घालवली.

एकूण जागा 435. प्रत्येक राज्याला आधी एकेक मिळते. उरलेल्या 385 जागांसाठी प्रत्येक राज्याचा प्राधान्यांक काढतात: लोकसंख्या भागिले, मागितलेल्या जागेचा क्रमांक आणि त्याआधीचा क्रमांक यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. चौदाव्या जागेसाठी 14 गुणिले 13 म्हणजे 182, त्याचं वर्गमूळ सुमारे 13.49. मिशिगनची वाटपासाठी धरलेली लोकसंख्या 1,00,84,442, म्हणून अंक येतो सुमारे 7,47,500. शेवटची, 435 वी जागा मिनेसोटाला गेली, तिचा अंक सुमारे 7,63,000. मिशिगनला आणखी साधारण 2 लाख 9 हजार माणसं लागली असती. न्यूयॉर्कची जागा 89 माणसांनी हुकली. तसला चुटपुट लावणारा प्रकार इथे नाही.

ही गळतीही आजची नाही. 1960 च्या जनगणनेनंतर मिशिगनच्या 19 जागा होत्या, मग 1980 नंतर 18, 1990 नंतर 16, 2000 नंतर 15, 2010 नंतर 14 आणि आता 13. डेट्रॉइट 1950 मध्ये साडेअठरा लाखांचं होतं, 2020 मध्ये 6,39,111.

दुसरं म्हणजे नऊ नावांची ती यादी. ती वंशावळ नाहीच. तिकडे मतदारसंघाला गावाचं नाव नसतं, नुसता क्रमांक असतो आणि दर फेररचनेत तो कुठेही जाऊन बसतो. कॉन्यर्स 1965 ते 1993 पहिल्या क्रमांकातून आले. मग 1 हा आकडा राज्याच्या पार उत्तर टोकाला दिला आणि त्यांच्या भागाला 14 मिळाला. 2013 मध्ये तोच गृहस्थ 13 मधून! नेडझीसुद्धा आधी 1 मध्येच होते. 1964 मध्ये समान लोकसंख्येच्या तत्त्वापायी नकाशा बदलला आणि त्यांनी 14 मध्ये येऊन आपल्याच पक्षाच्या रायनना प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) हरवलं. आपल्याकडे राजापूर म्हटलं की मधू दंडवते आठवतात, 2008 च्या फेररचनेत ते नाव गेलं तर हळहळ समजू शकते. ‘14’ साठी हळहळायला तिथे काय आहे?

सातबारा

गणित मान्य. पण 14 च्या 13 का झाल्या, एवढंच ते सांगतं. कुठली रेघ कुठून न्यायची हे त्या सूत्रात नाही, आणि घोडं तिथेच पेंड खातं. क्रमांक हलतो हेही मान्य. मी शोक आकड्याचा करत नाही, त्या लोकांच्या एकगठ्ठा मताचा करतो.

लालपेन

एकगठ्ठा हाच तर डाव होता. 2011 चा नकाशा रिपब्लिकन विधिमंडळाने आखला. त्यातला 14 वा पूर्व डेट्रॉइट आणि ग्रोस पॉइंटपासून निघतो, हॅमट्रॅमिक घेतो, वर चढून साउथफील्ड आणि ओक पार्कला येतो, फार्मिंग्टन हिल्सकडे वळतो आणि पाँटियाकला जाऊन थांबतो. हा रस्ता कुणाच्या सोयीचा? शेजारच्या उपनगरी मतदारसंघांतली डेमोक्रॅटिक मतं उपसून एकाच हौदात ओतली. इथे उमेदवार 75-80 टक्क्यांनी जिंकणार, म्हणजे निम्म्याच्या वरची सगळी मतं फुकट, आणि आजूबाजूच्या जागा रिपब्लिकनांना सुरक्षित. कृष्णवर्णीय बहुसंख्या हे त्या उपसण्याचं सभ्य कारण.

एप्रिल 2019 मध्ये तीन न्यायाधीशांच्या संघीय पीठाने त्या नकाशातले अनेक मतदारसंघ घटनाबाह्य ठरवलेही. पण जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 ने सांगितलं की पक्षीय आखणी हा संघीय न्यायालयांचा विषयच नाही. तोवर मतदारांनी 2018 च्या सार्वमतात आयोग आणला होता: 13 सदस्य, 4 डेमोक्रॅट, 4 रिपब्लिकन, 5 अपक्ष. नकाशाला बहुमत तर हवंच, शिवाय त्यात तिन्ही गटांतले किमान दोन-दोन लागतात. यापेक्षा खुली पद्धत दाखवा.

काठावरचा

बहुसंख्या असली की प्रतिनिधी आपोआप मिळतो, हे दोन्हीकडून गृहीत धरलं जातंय. 2012 चा 14 वा बघा. कृष्णवर्णीय बहुसंख्य असूनही जिंकले गॅरी पीटर्स, गोरे. कारण प्रायमरीत समोर हॅन्सन क्लार्क आणि ब्रेंडा लॉरेन्स दोघेही होते. मतं फुटली, पीटर्सना निम्म्याहून कमी मतं पुरली. 2014 मध्ये ते सिनेटवर गेले तेव्हा लॉरेन्सना वाट मिळाली. (क्लार्क यांचे वडील आताच्या बांगलादेशातले, म्हणजे डेट्रॉइटला दक्षिण आशियाई नाव ठाणेदारांच्या आधीच ठाऊक होतं.)

2022 च्या 13 व्यात हीच गोष्ट. प्रायमरीत नऊ उमेदवार, ठाणेदार 28 टक्क्यांवर पहिले. तिथे प्रायमरीत दुसरी फेरी नसते. सर्वाधिक मतं, विषय संपला. इतक्या पक्क्या डेमोक्रॅटिक भागात नोव्हेंबरची मुख्य निवडणूक म्हणजे नुसती शिक्कामोर्तब. दोष रेषेचा किती आणि बाकीच्या आठ इच्छुकांपैकी कुणीच माघार न घेण्याचा किती?

सातबारा

मुद्दा प्रायमरीचाच आहे, म्हणून तर आयोग चुकला. 35 ते 45 टक्के कृष्णवर्णीय मतदार पुरेसे आहेत हा सल्ला आयोगाला त्याच्या सल्लागारांनी मुख्यत्वे नोव्हेंबरच्या निकालांवरून दिला होता. नोव्हेंबरात डेट्रॉइटचा डेमोक्रॅट जिंकणारच, त्यावरून प्रायमरीत कुणाला संधी मिळेल हे कळतच नाही. डिसेंबर 2023 मध्ये संघीय न्यायालयाने डेट्रॉइट भागातले 13 मतदारसंघ रद्द केले तेव्हा नेमकं यावरच बोट ठेवलं.

खानेसुमारी

ते 13 मतदारसंघ राज्य विधिमंडळाचे: 7 कनिष्ठ सभागृहाचे, 6 राज्य सिनेटचे. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, नकाशाला त्या निकालाने हात लावलेला नाही. आणि साखळी डेट्रॉइटची तुटली, मिशिगनची नाही. त्याच 2022 मध्ये शेजारच्या 10 व्यातून जॉन जेम्स आले, कृष्णवर्णीय आणि रिपब्लिकन.

सातबारा

पहिली दुरुस्ती मान्य, निकाल विधिमंडळापुरता. पण आयोग तोच, सल्लागार तेच, आकडेवारी तीच. आणि जेम्सना डेट्रॉइटने निवडलं नाही, मॅकोम काउंटीच्या उपनगरांनी निवडलं.

लालपेन

मग उपाय काय, पुन्हा पाँटियाकपर्यंतचा साप?

सातबारा

साप नको. पण साउथफील्ड आणि पूर्व डेट्रॉइट एकत्र ठेवायला पाँटियाक लागत नव्हतं.

काठावरचा

कुणाला जुना आणि नवा नकाशा ताडून बघायचा असेल तर: पाँटियाक आणि फार्मिंग्टन हिल्स आता 11 व्यात, हेली स्टीव्हन्सकडे. साउथफील्ड, जिथल्या लॉरेन्स आधी महापौर होत्या, 12 व्यात रशिदा तलेब यांच्याकडे. हॅमट्रॅमिक आणि पूर्व डेट्रॉइट 13 व्यात, ठाणेदारांकडे. 2024 मध्ये तिथे 2022 चे दुसऱ्या क्रमांकाचे अ‍ॅडम हॉलियर पुन्हा उतरणार होते, पण वैध सह्या 1,000 सुद्धा भरल्या नाहीत आणि मतपत्रिकेवर नावच आलं नाही. तेवढं खापर तरी नकाशावर फोडता येणार नाही.