केस वाढले, पण सांभाळता येईनात. मदत हवी आहे

तायांनो, मी यवतमाळकडची, शेतीवाली. कॉलेजपासून बॉयकटच होता. दोन तांबे पाणी ओतलं की झालं. आता केस पाठीवर आलेत अन् रोजची कटकट सुरू.

आमच्या बोअरचं पाणी एवढं जड, की बादलीच्या कडेला पांढरा थर चढतो. शाम्पूला फेस नाही, केस वाळले की खराट्यासारखे ताठ. मुळाशी तेलकट, टोकं कोरडी. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतात, म्हणजे टोकं 2-3 वर्षं जुनी, झिजणारच. पण कापा म्हणू नका! सासूबाई रिठा-शिकेकाई उकळून देतात. मळ निघतो, पण कोरडेपणाही वाढतो. त्यात वेचणीला गेलं की वेणीत पऱ्हाटीचा कचरा अन् कापसाचे तंतू. घट्ट रुमाल बांधला तर घामानं टाळू खाजते.

शेवटचा तांब्या आरओच्या पाण्याचा घेतला तर फरक पडतो का? तेल न्हाण्याआधी लावायचं, की नंतर फक्त टोकांना? झोपताना सैल वेणी बरी की अंबाडा? पार्लरची ट्रीटमेंट सुचवू नका जी, तालुक्याला जाण्यातच अर्धा दिवस जातो.