दरीतून साग ओढणाऱ्या विंचच्या रेडिओ रिमोटचा सिग्नल मध्येच तुटतो

घाटमाथा (प्रश्न)
नमस्कार. पेठ तालुक्यात, तोडीचा रीतसर परवाना असलेल्या एका मालकी जमिनीतील साग दरीतून वर काढण्याचे काम आमच्याकडे आहे. उतार इतका उभा आहे की ट्रॅक्टर तर सोडाच, बैलही उतरत नाहीत. म्हणून माथ्यावर डिझेल विंच (तार गुंडाळून ओझे ओढणारे यंत्र) बसवली असून, ताणलेल्या तारेवर धावणाऱ्या कप्पीने ओंडके वर घेतो. खाली फास लावणाऱ्या गड्याकडे ४३३ मेगाहर्ट्झचा रिमोट आणि वर विंचवर रिसीव्हर आहे. अंतर साधारण २८० मीटर. सकाळी गडी बटण दाबतो, विंच दोन-चार मीटर ओढते आणि ब्रेक लागून थांबते. दुपारी हा त्रास कमी होतो. सेल दोनदा बदलले. माहितीपत्रकात पल्ला १ किलोमीटर छापला आहे. अधिक शक्तीचा रिमोट घ्यावा काय?

झाडोरा
पत्रकातला पल्ला मोकळ्या माळावरचा असतो. ४३३ मेगाहर्ट्झवर आणि २८० मीटर अंतरात, मधोमध सरळ रेषेच्या भोवती सुमारे ७ मीटर त्रिज्येची जागा मोकळी असावी लागते, आणि आपल्याकडे तिथे दवाने भिजलेली पाने आहेत. अँटेना उंच न्या.

अंबडचा मेकॅनिक
झाडांचा वाटा असेलही, पण आपल्याच मजकुरातील एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते: विंच सुरू होते आणि मग थांबते. म्हणजे आज्ञा वर पोहोचते, इंजिनावर भार आला की हरवते. तेव्हा आधी इंजिन बंद ठेवून, रिसीव्हरला फक्त बॅटरी देऊन, गड्याला खालून बटण धरून ठेवायला सांगा आणि रिसीव्हरवरचा दिवा पाहा. नंतर तारेवर ओझे नसताना, तारेखाली कोणी उभे नसल्याची खात्री करून, इंजिन चालू ठेवून तेच करा. दुसऱ्या वेळी दिवा लुकलुकला, तर अल्टरनेटरचा (इंजिनावर वीज तयार करणाऱ्या यंत्राचा) विद्युत गोंगाट किंवा पुरवठ्यातील व्होल्टेजची घसरण, यांपैकी एक कारण निघेल. मल्टिमीटर रिसीव्हरच्याच टोकांवर लावा, बॅटरीवर नव्हे. सकाळ-दुपारच्या फरकासाठी अँटेनाच्या केबलचा जोड उघडून पाहा. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या क्रेनच्या रिमोटांत निम्म्या तक्रारी त्या जोडातच सापडतात.

अधिक शक्तीचा म्हणून परदेशी ९१५ मेगाहर्ट्झचा रिमोट मात्र मागवू नका. तो पट्टा आपल्याकडे मोबाइलच्या वाट्याला येतो.

तारवाला
एक विनंती. सिग्नल तुटल्यावर लागणारा ब्रेक 'उशिरा लागावा' म्हणून रिसीव्हरमध्ये कोणी फेरफार सुचवला, तर करू नका. अर्ध्या तारेवर लटकलेल्या ओंडक्याखाली माणूस असतो. दोष सापडेपर्यंत माथ्यावर विंचपाशी माणूस बसवा आणि वॉकीटॉकीवर ठरलेल्या खुणांनी काम करा. अमेरिकेत आणि कॅनडात खालचा कामगार रेडिओने विंचजवळचा भोंगाच वाजवतो, आणि किती वेळा वाजला यावरून वरच्याला काय करायचे ते कळते.

घाटमाथा
आभार. इंजिन बंद असताना दिवा स्थिर राहिला, चालू करताच लुकलुकू लागला. जोड उघडला तर आत पाण्याचा थेंब आणि तांब्यावर हिरवा थर. रिसीव्हरचा पुरवठा अल्टरनेटरच्या वायरीवरून घेतला होता, तो आता फ्यूज लावून थेट बॅटरीवरून घेतला आहे. अँटेना पत्र्याच्या छपराखाली होती. ती उंच बांबूवर नेताना आमचा इथला मेकॅनिक जुनीच पातळ केबल १० मीटर वापरणार होता, परंतु तेवढ्या लांबीत निम्मी शक्ती केबलमध्येच जिरते असे कळल्याने रिसीव्हरची पेटीच बांबूपाशी सरकवली आणि केबल १ मीटरवर आणली.

आज तिसरी दवाची सकाळ. एकदाही तुटले नाही. फक्त ओहोळाजवळच्या मोठ्या खडकामागे रिमोट अजून लागत नाही. तिथे खडकावर चुन्याची खूण केली असून, गड्याने खुणेच्या वर आल्याशिवाय बटण दाबायचे नाही असे ठरवले आहे.