सासूबाईंच्या पाठीवर फोड: कांजिण्या की नागीण? मदत हवी आहे

तनया_प: सासूबाईंच्या पाठीवर पाणी भरलेले फोड आलेत. शेजारच्या काकू म्हणतात कांजिण्या, नणंद फोनवरून म्हणते नागीण. ओळखायचं कसं? आज रविवार, आमचे डॉक्टर बंद. लवकर सांगा.

वाटसरू: वय? ताप? फोड एकाच बाजूला की दोन्हीकडे?

माजघर: नागीणच आहे. गेरू उगाळून लावा आणि दोन तोंडं जुळू देऊ नका, जुळली की संपलं.

खडूस: झालं सुरू! नागीण मज्जातंतूच्या पट्ट्यात उठते, सहसा अंगाच्या मध्यावर थांबते. विळखा पडून कुणी मरत नाही. गेरूने जखम चिघळेल मात्र.

माजघर: आमच्या आजीची गेरूनेच बरी झाली. पुस्तकी किडे!

तनया_प: भांडू नका हो. वय ६८. ताप नाही. फक्त उजवीकडे, पाठीपासून छातीखालपर्यंत पट्टा. आधी तिथे नुसती आग व्हायची, त्या गॅस समजून ओवा खात होत्या. कांजिण्या लहानपणीच येऊन गेल्यात. परत येतात का?

खडूस: तोच विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दडून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन वर येतो. कांजिण्यांत बहुधा ताप असतो, फोड अंगभर, केसांत, तोंडातसुद्धा. कुठे नुसता लाल ठिपका, कुठे फोड, कुठे खपली, सगळं एकाच वेळी. तुमचं वर्णन नागिणीचं आहे. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू व्हायला हव्यात. सोमवारची वाट बघू नका.

साबुदाणा: आमच्या ह्यांना होमिओपॅथीने गुण आला. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू?

खडूस: नको.

मावळतीचा_वारा: वडिलांना कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर उठली होती. तसं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जायचं.

वाटसरू: इथे पाठीवर आहे हो, वाचा तरी. ताई, फोड कधी उठले? घरात लहान मूल, गरोदर बाई?

तनया_प: काल सकाळी. मुलगी आठ महिन्यांची आहे, त्यांच्याच कुशीत झोपते. का?

वाटसरू: हे आधी सांगायचं ना! फोडांतल्या पाण्यातून बाळाला कांजिण्या होऊ शकतात आणि त्याची लस वर्ष झाल्यावरच देतात. फोड झाकून ठेवा, खपल्या धरेपर्यंत बाळ वेगळं झोपवा, बाळाच्या डॉक्टरांना आजच फोन करा.

तनया_प: रिक्षा बोलावलीय. मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात नेतोय.

साबुदाणा: विषय निघालाच आहे तर, पन्नाशीनंतर नागिणीची लस असते म्हणे. दोन डोस ना? महाग आहे का?

माजघर: लसच घ्या सगळ्यांनी.