रेणुसूत्रं शिकवताना तिर्यक गुणाकार आधी दाखवावा का?

कडूलिंब (धागाकर्ता): नववीतल्या भाच्याला संयुगाच्या नावावरून रेणुसूत्र लिहायला शिकवतोय. शाळेतली पद्धत ठरलेली: चिन्हं लिही, खाली संयुजा (अणूची जोडणी करायची क्षमता) मांड, तिरपे बाण मारून एकाची संयुजा दुसऱ्याला दे. ॲल्युमिनियम ३, ऑक्सिजन २, उत्तर ‘एएल टू ओ थ्री’. बरोबर आहे, पण का, असं विचारलं की गाडी बंद. माझं म्हणणं, ही युक्ती सुरुवातीला दाखवूच नये. आधी आयनांवरच्या, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंवरच्या किंवा अणुगटांवरच्या, प्रभारांची बेरीज शून्य करायला लावा. ॲल्युमिनियमचे २ आयन म्हणजे अधिक ६, ऑक्साइडचे ३ म्हणजे उणे ६, हिशेब मिटला.
नुसत्या बाणांवर वाढलेलं पोर सोडियम पेरॉक्साइडला हमखास आपटतं. तिथे ऑक्सिजनचे दोन अणू मिळून उणे २, म्हणून सूत्र ‘एनए टू ओ टू’. मॅग्नेशियम ऑक्साइडला २ आणि २ चा संक्षेप देऊन ‘एमजी ओ’ लिहायची सवय लागलेली, मग इथेही २ ला २ ने भागून ‘एनए ओ’ लिहून मोकळं!

खडूची_भुकटी: तुमच्यासमोर एक भाचा आहे, माझ्यासमोर अख्खी तुकडी असते. बाण दाखवले की मागच्या बाकावरची मुलंही त्याच तासाला सूत्रं लिहायला लागतात. हुरूप आला की कारण सांगता येतं. पेरॉक्साइडचं सोडा, मुलं मार खातात ती कंसात. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा कंस गाळून ‘सीए ओ एच टू’ लिहितात. मग ऑक्सिजन उरला एकच! २ कंसाबाहेर हवा, कारण हायड्रॉक्साइड हा अख्खा गट आहे. यात बाणाचा काय दोष?

कडूलिंब: बाण आकड्यांकडे बघायला शिकवतो, गटाकडे नाही. दोष तोच.

मोरचूदवाला: दोघांचंही भांडण दुय्यम आहे हो. सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट, तिघांवरही उणे २. बाण मारा नाहीतर बेरीज करा, सल्फाइटमध्ये ऑक्सिजन ३ आणि सल्फेटमध्ये ४ हे कुठून काढणार? मूलकांचा, म्हणजे अशा प्रभार असलेल्या अणूंचा आणि गटांचा, तक्ता पाढ्यासारखा घोकावाच लागतो. हल्ली ‘घोकंपट्टी नको’ म्हणायची फॅशन आलीये, तिचा रसायनशास्त्राशी काही संबंध नाही.

नुसताच_वाचक: मला वाटतं खरा घोळ जुन्या नावांचा आहे. लोखंडाचं फेरस म्हणजे संयुजा २, फेरिक ३. पण तांब्याचं क्यूप्रस १, क्यूप्रिक २. ‘अस’ म्हणजे कमी, ‘इक’ म्हणजे जास्त, पण नेमकं किती ते नाव सांगतच नाही. धातूच्या नावापुढे कंसात हाच आकडा रोमन अंकात लिहायची पद्धत किती सरळ! जुनी नावं बंद करा.

खडूची_भुकटी: बंद कशी करणार? रक्तवाढीच्या गोळ्यांच्या पाकिटावर अजून फेरसच छापतात.
आणि कडूलिंब, तुमच्या बेरजेचीही परीक्षा होऊन जाऊ दे. मर्क्युरस क्लोराइड. पारा अधिक १, क्लोराइड उणे १, बेरीज शून्य, म्हणून ‘एचजी सीएल’? खरं सूत्र ‘एचजी टू सीएल टू’.

कडूलिंब: कारण तो आयनच पाऱ्याच्या दोन अणूंच्या जोडीचा, जोडीवर अधिक २. मग क्लोराइड दोन लागणारच. बेरीज चुकली नाही, आयन चुकीचा घेतलात.

मोरचूदवाला: म्हणजे पुन्हा तक्ताच!