मदत हवी आहे : संगीतावरची चित्रकादंबरी मराठीत मिळेल का?

नमस्कार मंडळी, सोलापुरातून लिहितोय. माझी पुतणी नववीत आहे, दिवसभर चित्रं काढत असते आणि गाण्याचं वेड तर विचारूच नका, हलगी वाजली की वही टाकून गॅलरीत पळते. तिला मी 'भीमायन' आणून दिलं, बाबासाहेबांवरचं, दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी परधान गोंड या आदिवासी चित्रशैलीत काढलेलं, २०११ चं. चौकटीच नाहीत त्यात, दिगणा म्हणजे गोंडांच्या पारंपरिक नक्षीनंच पानाचे भाग पाडलेत, ती तासन्‌तास बघत बसली. मग 'पर्सेपोलिस' ही इराणमधल्या एका मुलीची चित्रकादंबरी वाचली, त्यात ती मुलगी तेहरानच्या रस्त्यावर चोरून कॅसेट विकत घेते ना, ते पान तिनं मला तीनदा दाखवलं.

आता तिला गाणाऱ्या माणसांवरचं असंच चित्रांचं पुस्तक पाहिजे, आणि शक्यतो मराठीत. नवी पेठेत दोन-तीन दुकानांत विचारलं तर लहान मुलांचे कॉमिक्सच पुढं केले ओ. इंग्रजीत जॅझवर, रॉकवर बरंच आहे पण ते महाग पडतं आणि काहींतला मजकूर तिच्या वयाला जड आहे.

मला मनापासून वाटतं की आपले शाहीर राम जोशी सोलापूरचे, शाहीर अमर शेख बार्शीचे, डफ आणि तमाशाचा फड चित्रात किती जिवंत दिसेल! असं कुणी केलंय का? शाहिरी, लावणी, जुनी सिनेमाची पोस्टरं, कशावरही चालेल. जुनं पुस्तक असलं तरी सांगा, पुण्याला जाऊन आणायची तयारी आहे.